वसंत देसाई: चाली घरोघरी, नाव मात्र विस्मरणात

'घनश्याम सुंदरा श्रीधरा' ही भूपाळी पिढ्यान्‌पिढ्या अशीच चालत आली आहे, असे मानणारे अनेक जण भेटतात आणि त्यांची समजूत निम्मी खरीही आहे. शब्द उत्तर पेशवाईतील होनाजी बाळांचेच आहेत. परंतु आज ज्या चालीत आपण ती गुणगुणतो ती १९५१ साली 'अमर भूपाळी' या चित्रपटासाठी वसंत देसाई यांनी बांधली. पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांच्या स्वरांतून ती घराघरांत पोहोचली, तिथेच रुळली आणि मग ती कुणीतरी बांधली असेल हा विचारच लोकांच्या मनातून निघून गेला. देसाईंच्या वाट्याला आलेल्या विस्मरणाचे कारण मला इथेच दिसते. त्यांच्या चाली इतक्या सार्वजनिक झाल्या की त्यांना कर्ता उरला नाही.

त्यांचा जन्म १९१२ सालचा, कुडाळजवळच्या सोनवडे गावचा. दशावताराच्या मुलखातला हा मुलगा कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाला तो पडेल ते काम करण्याच्या तयारीने. बारीकसारीक भूमिका, गाणे, वाद्यवृंदातली मदत असे सगळे करता करता गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव अशा मंडळींचे काम त्यांना जवळून पाहता आले. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये त्यांचा आवाजही ऐकू येतो. पुढे व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत राजकमल कलामंदिराची उभारणी झाली, तेव्हा १९४३ च्या 'शकुंतला'चे संगीत देसाईंकडे आले.

त्यानंतरची सुमारे पंधरा वर्षे त्यांच्या चित्रपटसंगीताच्या ऐन बहराची. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', 'अमर भूपाळी', 'झनक झनक पायल बाजे', 'दो आँखें बारह हाथ' ही नावे घेतली की शांतारामबापू आठवतात, अभिनेत्री संध्या आठवतात, पण संगीतकाराचे नाव आठवायला क्षणभर थांबावे लागते. मोठ्या दिग्दर्शकाच्या छायेत वावरल्याचा हा तोटा असावा. 'झनक झनक'चे शीर्षकगीत अडाणा रागात बांधून त्यांनी ते उस्ताद अमीर खाँ यांच्याकडून गाऊन घेतले, आणि त्याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मांचे संतूर वाजले. १९५९ च्या 'गूँज उठी शहनाई'त त्यांनी बिस्मिल्ला खाँ यांची सनई थेट कथेच्या केंद्रस्थानी आणली. बड्या कलावंतांना चित्रपटात आणून केवळ शोभेपुरते बसवणारे संगीतकार पुष्कळ होते. देसाई त्यांच्यासाठी गाण्यात खरी जागा करीत.

तरीही त्यांचे मोठेपण मला या भारदस्त बंदिशींपेक्षा साध्या चालींत अधिक जाणवते. 'दो आँखें बारह हाथ'मधले 'ऐ मालिक तेरे बंदे हम' हे गाणे भैरवी रागाच्या अंगाचे आहे. भैरवी म्हटले की आळवणी, विरह, मैफलीचा शेवट हे सारे ओघाने येते. इथे मात्र ती कैद्यांच्या तोंडी सामुदायिक प्रार्थना म्हणून येते आणि कुठेही रडवी होत नाही. ताना-हरकती नाहीत, अवघड उडी नाही, ओळीला श्वास घ्यायला पुरेशी जागा आहे. ज्याला गाता येत नाही त्यालाही चारचौघांच्या आवाजात आपला आवाज मिसळता यावा, अशी ही रचना आहे. शेकडो शाळांनी ती उचलली यात नवल नाही. १९७१ च्या 'गुड्डी'तील 'हमको मन की शक्ति देना' याच वाटेने गेले. चित्रपटातली शाळेची प्रार्थना खऱ्या शाळांची प्रार्थना झाली.

त्याच 'गुड्डी'तले 'बोले रे पपीहरा' पुन्हा ऐकून पाहावे. मियाँ मल्हार हा संथपणे, भारदस्तपणे उलगडायचा राग. आंदोलित म्हणजे झुलता कोमल गंधार आणि पाठोपाठचे दोन निषाद या स्वरांना सावकाश फुलायला वेळ लागतो. देसाईंनी तो एका शाळकरी मुलीच्या ओठांवर शोभेल इतका हलका केला, पण रागाला धक्का लावला नाही. वाणी जयराम यांचे हिंदीतले नाव या गाण्याने झाले. मराठी रसिकांना मात्र त्यांचा आवाज कुमार गंधर्वांच्या जोडीने 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी' या देसाईंच्याच नाट्यगीतात अधिक जवळचा वाटतो, आणि माझे मतही तसेच आहे.

रंगभूमीवरचे त्यांचे काम हा खरे तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. विद्याधर गोखल्यांच्या 'पंडितराज जगन्नाथ'ने संगीत नाटकाला पुन्हा प्रेक्षक मिळवून दिला, त्यात 'जय गंगे भागीरथी'सारख्या पदांचा वाटा लहान नव्हता. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'चे संगीतही देसाईंचेच. 'भरजरी ग पीतांबर' आणि 'छडी लागे छम छम' ही दोन गाणी एकाच माणसाने एकाच चित्रपटासाठी केली, हे सांगितल्यावर आजही काहींचा विश्वास बसत नाही.

१९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी गायिलेल्या 'मैत्रीं भजत' या संस्कृत रचनेची चालही त्यांचीच. कांचीच्या शंकराचार्यांचे शब्द आणि कर्नाटक संगीतातील सर्वश्रेष्ठ गायिका यांच्यामध्ये चाल कोकणातल्या एका मराठी संगीतकाराची होती, ही गोष्ट आपल्याकडे म्हणावी तितकी मिरवली गेली नाही.

२२ डिसेंबर १९७५ रोजी पेडर रोडवरील इमारतीच्या लिफ्टमध्ये झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते काम करीतच होते. त्यांचे संगीत असलेला 'शक' १९७६ साली प्रदर्शित झाला. त्यातले आशा भोसले यांनी गायिलेले 'मेहा बरसने लगा है आज की रात' फारसे कुठे लागत नाही. ज्यांना देसाई केवळ भूपाळी आणि प्रार्थनांचे संगीतकार वाटतात, त्यांनी ते आवर्जून शोधून ऐकावे.