जुहूच्या पुळणीवर खुल्या समुद्राची निळी वस्ती

आषाढ वद्य सप्तमी, सकाळचे साडेसहा. किनाऱ्याला लागलेले निळे समुद्री जीव पाहायला दिवस ठरवला तो कोळ्यांच्या हिशेबाने: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. सप्तमीला सव्वापाच. पाणी उतरू लागलं की त्याच्यामागून चालत जायचं. पौर्णिमेच्या पहाटे मात्र फारसं हाती लागत नाही. भरती आदल्या रात्रीच होऊन गेलेली असते आणि लागलेलं सगळं सुकून जातं.

तिथीपेक्षाही वारा पाहा. हे जीव पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत जगतात, वाऱ्याविरुद्ध पोहू शकत नाहीत. दोन-तीन दिवस नैऋत्येचा वारा जोरात असेल तरच निघा.

भरतीच्या कचऱ्याच्या रेषेत सगळ्यात जास्त सापडतात 'ब्लू बटन', म्हणजे जेलीफिशसारखे चकतीच्या आकाराचे जीव. लाटांत त्यांचे निळे धागे झडतात, उरते नाण्याएवढी पांढरी चकती. धागे शाबूत असलेलं एखादं चमच्याने उचलून पारदर्शक डबीत समुद्राच्याच पाण्यात ठेवा. जरा वेळाने धागे सूर्यकिरणांसारखे पसरतात. बाटलीतलं गोडं पाणी ओतलंत तर जीव जातो.

'ब्लू बॉटल'ला सगळे जेलीफिश म्हणतात, पण तो अनेक जीवांचा एकत्र संसार आहे. त्याच्या तरंगत्या फुग्यावरचं शीड काहींचं डावीकडे, काहींचं उजवीकडे कललेलं असतं, त्यामुळे एकाच वाऱ्यात ते दोन दिशांना पांगतात. फुगा बोटाएवढा दिसला तरी धागे वाळूत लांबवर गेलेले असतात आणि मेल्यावरही डंख मारतात. चपला घालून जाणाऱ्यांना घोट्याशी डंख बसतो तो यामुळेच. गमबूट घाला. डंख बसलाच तर चोळू नका, वाळू लावू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, चिमट्याने धागे काढा, मग सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटं भाग बुडवून ठेवा. श्वासाला त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठा.

सगळ्यात देखणी ती जांभळी गोगलगाय, जँथिना. चिकट स्रावात हवेचे बुडबुडे गुंडाळून ती तराफा बांधते आणि त्याला उलटी लटकते. शंखाची गडद बाजू वर, फिकट टोक खाली: वरून पक्ष्याला दिसत नाही, खालून माशाला दिसत नाही. ब्लू बटन आणि ब्लू बॉटल हे तिचं खाणं. शंख कागदासारखा पातळ असतो, चिमटीत धरू नका. तराफा तुटला की ती बुडते आणि पाण्याखाली नवा बांधता येत नाही, कारण बुडबुड्यांसाठी हवा वरूनच घ्यावी लागते. जिवंत दिसली तर तराफ्यासकट, खालची ओली वाळू धरून उचला.

वाहत आलेली लाकडं आणि बाटल्या उलटून पाहायला विसरू नका. लवचीक देठांवर बसलेले बार्नेकल्स, म्हणजे खेकड्यांच्या नात्यातले कवचवाले जीव, खालच्या अंगाला असतात.