मुंबईचा ओगबेचे

13 मार्च, रात्री उशिरा

दादाने आज सकाळीच इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल), म्हणजे आपल्या फुटबॉल लीगच्या, 2021 च्या फायनलची क्लिप पाठवली. ही तारीख आली की त्याला राहवत नाही, आणि क्लिप आली की मला ती पाहिल्याशिवाय राहवत नाही.

गोव्यातलं फातोर्डाचं मैदान, स्टँड रिकामे. मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान, 1-1. नव्वदावं मिनिट. मागून एक लांब चेंडू येतो. बागानचा गोलरक्षक अरिंदम पुढे सरसावतो, पण त्याला चेंडू ताब्यात घेता येत नाही. तिथे मुंबईचा ओगबेचे आलेला असतो. वय 36. चेंडू पायात, गोल समोर मोकळा पडलेला. कुठल्याही स्ट्रायकरला मोह होईल, फायनल आहे, शेवटचं मिनिट आहे. हा मान वर करतो, बिपीन सिंगला बघतो आणि चेंडू त्याला देतो. बिपीन गोल करतो. मुंबई पहिल्यांदा चॅम्पियन.

रेकॉर्डमध्ये बिपीनचं नाव आहे, आणि ते बरोबरच आहे. त्याच सामन्यात आपला अमेय रानवडे डोक्याला मार लागून पहिल्या हाफमध्येच ॲम्ब्युलन्समधून मैदानाबाहेर गेला होता. घरात सगळे त्याच्याच काळजीत होतो, त्यामुळे त्या रात्रीचा आनंदही जरा दबकतच केला. पण क्लिप बघताना माझी नजर दर वेळी जाते ती ओगबेचेने मान वर केली त्या क्षणाकडे.

बार्थोलोम्यू ओगबेचे. नायजेरियातल्या ओगोजाचा. जन्म 1 ऑक्टोबर 1984, म्हणजे नेमका त्यांच्या स्वातंत्र्यदिनाचा. आम्ही त्याला टीव्हीवर पहिल्यांदा पाहिलं ते 2002 च्या वर्ल्ड कपमध्ये. जपानमधल्या मॅचेस आपल्याकडे दिवसाउजेडी दिसायच्या, ते एक सुखच होतं. 2 जूनला रविवार होता. अर्जेंटिना विरुद्ध नायजेरिया. आफ्रिकन कपनंतर नायजेरियाने कोच बदलला होता आणि नव्या कोचने, ओनिगबिंदेंनी, ओलिसे, फिनिदीसारखी मोठी नावं घरी ठेवली होती. त्या जागा पोरांना मिळाल्या. कानू आणि ओकोचाच्या शेजारी 17 वर्षांचा ओगबेचे सुरुवातीपासून खेळला. बातिस्तुताच्या हेडरवर ते 1-0 हरले, मग स्वीडनकडून 2-1. इंग्लंडशी बरोबरी झाली आणि नायजेरिया गटात तळाला राहिली.

17 व्या वर्षी वर्ल्ड कप, आणि पॅरिस सेंट जर्मेंमध्ये रोनाल्डिन्हो आणि ओकोचाबरोबर ड्रेसिंग रूम! अशा मुलाबद्दल लोक काय काय स्वप्नं रंगवत असतील. तसं झालं नाही. पॅरिसमध्ये जागा पक्की होईना, लोनवर बास्तिया, मग मेट्झ. तिथून अबुधाबीचं अल जझीरा. मग स्पेन, आलावेस, वायादोलिद, कादिझ. ग्रीसमध्ये कावाला, तो क्लब तर मॅच फिक्सिंगच्या प्रकरणात खालच्या पायरीवर ढकलला गेला. 2011 मध्ये इंग्लंडात मिडल्सब्रो. परत स्पेनमध्ये शेरेझ. मग हॉलंड, आधी लीवार्डनचं काम्बूर, नंतर टिलबर्गचं विलेम टू. नायजेरियाच्या संघाने तर त्याला केव्हाच मागे सोडलं होतं.

ही यादी वाचून लोक म्हणतात, कुठेच टिकला नाही. मला हे अजिबात पटत नाही. दर एक-दोन वर्षांनी नवी भाषा, नवा कोच, नवे विंगर. कोणाचा क्रॉस कुठे पडतो, कोण चेंडू पायात देतो आणि कोण पुढे टाकतो, हे दर वेळी पुन्हा पहिल्यापासून शिकायचं. त्यातून त्याच्यात जे मुरलं ते भारतात दिसलं, आणि ते इतकं स्पष्ट दिसलं की मी त्यावर कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

2018 मध्ये तो गुवाहाटीला नॉर्थईस्ट युनायटेडकडे आला. आपल्याकडे युरोपातून उतारवयात येणाऱ्यांविषयी एक शंका असतेच, आणि ती काही अगदी चुकीची नसते. पहिला सामना 1 ऑक्टोबरला, त्याच्या 34 व्या वाढदिवशी, एफसी गोवाविरुद्ध. गोव्याच्या कोरोने दोन गोल मारले, ओगबेचेने एक. 2-2. पुढच्या काही दिवसांतच चेन्नईत त्याने पहिल्या हाफमध्येच हॅटट्रिक केली आणि नॉर्थईस्टने 4-3 असा सामना काढला. त्या सीझनला त्याचे 12 गोल झाले आणि तो संघ पहिल्यांदा सेमीफायनलला पोचला. पुढच्या वर्षी कोच शाटोरींबरोबर तो केरळ ब्लास्टर्सकडे गेला. 16 सामन्यांत 15 गोल!

त्याच्या पायात तेव्हा वेग उरलेला नव्हता. नीट बघितलं तर तो फारसा पळायचाच नाही. लोकलमध्ये चौथी सीट मिळवणारा माणूस जसा कोणाला न दुखवता हळूच टेकतो, तसा तो दोन सेंटर बॅकच्या मध्ये सरकायचा. एकाच्या पाठीमागे उभा राहायचा, त्याच्या नजरेबाहेर. क्रॉस यायच्या आधी दोन पावलं मागे जायचा. बचावपटू चेंडूकडे धावला की हा त्याने सोडलेल्या जागेत. वीस वर्षांच्या मुलांना हे शिकवून येत नाही.

मुंबईकडे तो 2020 मध्ये आला. कोच सर्जिओ लोबेरा. पहिल्या पसंतीचा स्ट्रायकर ॲडम ल फोंद्रे, त्याचे 11 गोल झाले. आदल्या वर्षी ब्लास्टर्सचा कॅप्टन असलेला ओगबेचे बऱ्याचदा बेंचवर बसायचा. त्यानेही 8 मारले. 28 फेब्रुवारीचा बांबोळीचा सामना मला अजून जसाच्या तसा आठवतो. लीग शिल्डसाठी, म्हणजे गुणतक्त्यात पहिलं येण्याच्या ट्रॉफीसाठी, बागानला हरवणं भागच होतं. सातव्या मिनिटाला आपल्या मुर्तादा फॉलचा हेडर, गोल. मग आपल्याच सांतानाची फ्री किक क्रॉसबारवर आदळून परत आली. सगळे क्षणभर बारकडे बघत राहिले आणि ओगबेचेने डोक्याने चेंडू आत घातला. 2-0. दोन्ही संघांचे 40 गुण, पण बागानला आपण दोन्ही वेळा हरवलेलं, म्हणून शिल्ड मुंबईची. दोन आठवड्यांनी कपही.

आणि यातलं काहीही मुंबईत घडलं नाही, हे मला अजूनही टोचतं. कोविडमुळे अख्खी लीग गोव्यात, प्रेक्षकांविना. मुंबईचं घरचं मैदान म्हणून बांबोळीचं जीएमसी स्टेडियम. अंधेरीच्या स्टँडमध्ये बसून आम्ही आकाशी जर्सीतल्या ओगबेचेसाठी एकदाही ओरडलो नाही. दादा तर कूपरेजच्या काळापासूनचा प्रेक्षक. महिंद्र युनायटेडसाठी घानाचा युसिफ याकुबू खेळायचा तेव्हा कॉलेज बुडवून जायचा. गोव्यातल्या लोकांनी धेंपोचा रँटी मार्टिन्स आणि चर्चिलचा ओडाफा वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर पाहिले, रँटीने 2011-12 मध्ये आय-लीगमध्ये 32 गोल मारले ते त्यांच्या आठवणीत आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या स्ट्रायकरवर जीव टाकायची सवय या किनाऱ्याला जुनी आहे. आम्हाला आमचा मिळाला तो मोबाइलच्या पडद्यावर.

एका सीझनमध्येच तो गेला. हैदराबाद. क्लबने असं का होऊ दिलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. तिथे 37 व्या वर्षी 18 गोल आणि गोल्डन बूट. त्याच सीझनमध्ये कोरोचा लीगमधल्या सर्वाधिक, 48 गोलांचा विक्रम मागे पडला, तोच कोरो, ज्याच्यासमोर याने भारतातला पहिला सामना खेळला होता. 20 मार्च 2022 ची फायनल पुन्हा फातोर्ड्याला, या वेळी प्रेक्षकांसह. त्यात ओगबेचेचा गोल नव्हता. बरोबरी साधली गोव्याच्या साहिल तावोराने 88 व्या मिनिटाला, आणि पेनल्टी अडवल्या गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीने. पण सलग दोन वर्षं, दोन वेगळ्या संघांकडून, कप त्याच्या हातात आलाच.

आयएसएलमध्ये एकूण 98 सामने, 63 गोल. सगळे चौतिशीनंतरचे. 2024 मध्ये सुनील छेत्रीने तो आकडा ओलांडला, आणि ओलांडायचाच तर छेत्रीनेच ओलांडावा असं मला मनापासून वाटतं.

दादाला मघाशी मेसेज केला. क्लबला एक पत्र लिहायचं ठरवलंय. एखाद्या घरच्या सामन्याला ओगबेचेला अंधेरीला बोलवा, हाफ टाइमला आकाशी जर्सी घालून मैदानाला एक चक्कर मारू द्या. तिकीट काढून येणारे पुष्कळ आहेत. दादा म्हणाला, बिपीनलाही त्याच्याबरोबर चालायला सांग. उद्या बसून लिहिते.