सुटली का सोडली

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज पोलीस ठाण्यात जबाब लिहून घेताना हवालदारांनी पेन थांबवला आणि सहज विचारले, "काका, गोळी सुटली लिहू का सोडली लिहू?" त्यांच्या स्वरात खोच नव्हती, दिवसभरात असे पन्नास प्रश्न ते विचारत असतील. मी लगेच "सुटली" म्हणालो. विजापूर रस्त्याने घरी येईपर्यंत मात्र तो शब्द चपलेत खडा शिरावा तसा टोचत राहिला आणि अजूनही टोचतो आहे.

गुरुवारची हकीकत जबाबात चार ओळींत आटोपली, म्हणून इथे नीट लिहितो. पिस्तूल साफ करायला काढले होते. आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, बाहेर काढायचे, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या चेंबरमधले काडतूस पाडायचे आणि शेवटी चेंबर रिकामे आहे का ते डोळ्यांनी पाहून करंगळीने चाचपायचे, हा क्रम मला झोपेतही सांगता येईल. मी स्लाइड आधी ओढली. एक काडतूस उडून पलंगावर पडले, ते मी उचलले आणि त्याच क्षणी फोन वाजला. फोन कुणाचा होता ते लिहीत नाही. बोलता बोलता मॅगझिन काढून उशीवर ठेवले. परंतु सोडलेली स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले दुसरे काडतूस चेंबरमध्ये घेऊन गेली होती. मॅगझिन बाहेर, एक काडतूस हातात, म्हणजे हत्यार रिकामे, असा हिशेब मनाने परस्पर करून टाकला होता. काडतुसावर आपटणारा घोडा उतरवावा म्हणून मी चाप ओढला.

आवाजानंतर बराच वेळ कानात नुसती शिट्टी होती. मग दिसले की कोपऱ्यातल्या मालदांडी ज्वारीच्या पोत्याला बोटाएवढे भोक पडले आहे आणि त्यातून दाण्यांची बारीक, न तुटणारी धार फरशीवर पडते आहे. मी ती पाहत उभा राहिलो. बोट लावून थांबवावी हेही सुचले नाही. सुमन दहा मिनिटांपूर्वी त्याच पोत्याशी बसून ज्वारी मापत होती.

पुढचे राहू दे.

ठाण्यात मी स्वतः गेलो, हे कुणीही ध्यानात घेत नाही. एकवीस वर्षांत परवान्यावर एक डाग नाही. यंत्रमागाच्या पगाराची रोकड बँकेतून आणण्याच्या दिवसांत हे हत्यार कमरेला लावून मी अर्धे सोलापूर पालथे घातले आहे, आणि आज त्याच मला दोन तास बाकावर बसवून ठेवले, शेजारी मोटारसायकल चोरीतला एक पोरगा. त्याने विचारले, "तुम्ही कशात?" मी उत्तर दिले नाही. परवाना राहील की जाईल हे आयुक्तालय ठरवील. या वयात ते हत्यार मला कशाला हवे, हा प्रश्न धाकट्याने फोनवर विचारला तेव्हाही मी उत्तर दिले नव्हते.

तर 'सुटली'. वर्तमानपत्रांत 'मिसफायर होऊन गोळी सुटली' असे छापून येते. वास्तविक मिसफायर म्हणजे चाप ओढूनही काडतूस न उडणे. तशा वेळी ते उशिरा उडण्याची शक्यता असते, म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचे असते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या पायाला स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, तेव्हा सात रस्त्याच्या चहाच्या टपरीवर हा फरक मीच सर्वांना समजावून सांगितला होता आणि वर हसलोही होतो.

शिकवणारा मी, पण मला कुणी शिकवले? २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची तरतूद आली. माझा परवाना त्याआधीचा, आणि दुकानदाराने पाच मिनिटे दाखवले तेवढीच माझी शाळा. बाकी सगळे चुकत चुकत, आणि चूक निभावली की तिला नशीब म्हणत. होल्स्टरशिवाय हत्यार कमरेला खोचून गड्डा यात्रेच्या गर्दीत फिरलो आहे. एकदा होल्स्टरमध्ये घालताना शर्टाचे टोक चापाच्या कड्यात अडकले, तरी मी न पाहता दाबत राहिलो होतो. एका लग्नात ते निसटून पडू लागले तेव्हा मी झडप घालून हवेतच धरले आणि मंडळींनी कौतुक केले. पडणारे हत्यार पडू द्यायचे असते, कारण झडप घालणाऱ्याचे बोट नेमके चापावर जाते. हे मला कितीतरी वर्षांनी कळले आणि तेव्हाही त्या लग्नाची आठवण मी कौतुकानेच काढली.

जेफ कूपर नावाच्या अमेरिकी मरीन अधिकाऱ्याचे चार नियम प्रसिद्ध आहेत: प्रत्येक हत्यार भरलेले समजावे, जे नष्ट करायचे नाही त्याच्याकडे नळी नेऊ नये, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे, लक्ष्य आणि त्यामागे काय आहे ते ओळखावे. यांची खुबी अशी की एक मोडला तरी दुसरा सांभाळून घेतो. मी चारही एका दमात मोडले. क्रम चुकला याचे मला तितके वाटत नाही. फोन होता, क्रम कुणाचाही चुकतो. नळी कुठे रोखली आहे हेच मला ठाऊक नव्हते, हे मात्र गिळता येत नाही. पोते तिथे मी ठेवले नव्हते. मग सुटली कशी म्हणायची?

जबाबावर सही करण्याआधी मी धीर करून म्हणालो, "साहेब, सोडली लिहा." हवालदारांनी वर पाहिले, थोडा विचार केला आणि लिहिले, 'माझे हातून गोळी सुटली.' "असंच लिहितात, काका," ते म्हणाले. मराठीने माझी सोय करून ठेवली होती. हात माझा, पण सुटली तीच. मी सही केली.

सुमन सांडलेली ज्वारी चाळून गच्चीवर चिमण्यांना घालते आहे. दळायला नको म्हणते. काय लिहिले म्हणून विचारले, तेव्हा मी तो वाक्यप्रयोग समजावून सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "दूध उतू गेलं की मला मात्र 'घालवलंस' म्हणता."