टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) २.१!

सकाळी रिपोर्ट हातात आला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अडीचच्या खाली आलाय, आता चान्स घ्यायला हरकत नाही." लगेच पुढची तंबी: प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी फोन, कारण थायरॉक्सिनचा (माझ्या थायरॉइडच्या गोळीचा) डोस साधारण २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो. सुरुवातीचे महिने बाळाची सगळी भिस्त आईच्याच थायरॉइडवर! लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मात्र थायरॉक्सिनपासून ४ तास लांब.

सासूबाईंना मुद्दाम सोबत नेलं होतं. "गोळी बाळाला बाधेल, तेव्हा बंद कर" हे पालुपद घरी रोज चालू असायचं (प्रेमापोटीच हो). "बंद केली तर धोका," मॅडमनी स्पष्ट सांगितलं. रिक्षात बसल्या-बसल्या सासूबाईंचं फर्मान, "उद्यापासून गोळीनंतर तासभर चहा मागायचा नाही."