स्टुटगार्टची नेमप्लेट, रबाळ्याचा मे महिना

रबाळ्याहून एका जुन्या मित्राचा मेसेज आला : "ईटीपीच्या टाकीत हवा कमी पडतेय. मोटरची पुली मोठी टाकून ब्लोअरचा स्पीड वाढवू का? मालक मागे लागलाय." ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र, आणि तिथल्या टाकीत हवा सोडणारी मशीन म्हणजे ब्लोअर.

मी सध्या स्टुटगार्टजवळच्या एका गावात सांडपाणी केंद्राच्या मेंटेनन्सला आहे. त्याआधी बरीच वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात हेच केलं, त्यामुळे असे मेसेज अधूनमधून येतात. स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर. मे महिन्यापुरतं मात्र हे नातं फार लांबचं आहे, आणि ब्लोअरच्या बाबतीत खरी गोम तिथेच आहे.

आमच्या इथे आणि मित्राच्या शेडमध्ये एकाच जातीची मशीन आहे : रूट्स ब्लोअर. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० साली याचं पेटंट घेतलं. आत दोन लोब (फुगीर पाकळ्यांचे रोटर) एकमेकांना न शिवता फिरतात आणि प्रत्येक फेरीला हवेचा ठरावीक घोट पुढे ढकलतात. पुढे वाट आहे की नाही, हे ती मशीन बघत नाही. वाट अडली की दाब चढत जातो, आणि मग सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो, मोटर ट्रिप होते नाहीतर लोब जाम होतो. यातलं पहिलंच व्हावं अशी आपली इच्छा असते. म्हणून रूट्स ब्लोअर कधीही डिलिव्हरी व्हॉल्व्ह (हवा बाहेर जाण्याच्या वाटेवरचा) बंद ठेवून चालू करायचा नाही. सेंट्रिफ्युगल, म्हणजे पंख्याच्या जातीच्या, ब्लोअरचं बरोबर उलटं : डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) बंद ठेवून चालू करायचा, वेग आला की हळूहळू उघडायचा. दोन्ही मशीन एकाच शेडमध्ये असतील आणि ऑपरेटर नवा असेल, तर मोठ्या अक्षरांत पाटी लावाच.

मित्राला मी आधी गेजवरचा दाब विचारला. टाकीत डिफ्युझरच्या (तळाशी हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या भोकांच्या रबरांच्या) वर साडेचार मीटर पाणी, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.४५ किलो दाब नुसता पाण्याचाच. पाइप आणि नवे डिफ्युझर धरून ०.५ व्हायला हवा. गेज ०.६ च्या वर होता. म्हणजे हवा कमी नव्हती, डिफ्युझरचे रबर चोंदले होते. अशा वेळी स्पीड वाढवला तर त्याच चोंदलेल्या भोकांतून जास्त हवा कोंबायची, म्हणजे दाब आणखी चढणार. रूट्सला लागणारी ताकद वेग आणि दाब यांच्या गुणाकाराने वाढते. वेग १५ टक्के वाढला आणि त्यापायी दाब २० टक्के चढला, तर मोटरवर ३८ टक्के बोजा. पंख्याच्या जातीच्या ब्लोअरला तर वेगाचा घनच लागतो : १० टक्के वेग वाढवला की ३३ टक्के जास्त ताकद. पुली स्वस्तात येते, मोटर रिवाइंडिंगचं बिल वेगळं.

आता मे महिन्याकडे येतो. हवा दाबली की तापते. ०.५ किलोला रूट्स ब्लोअरमध्ये हवा साधारण ५५ ते ६० अंशांनी तापते. आमच्याकडे जानेवारीत शून्याच्या आसपासची हवा आत जाते, बाहेर निघते ६० च्या आत. रबाळ्याला पत्र्याच्या बंद खोलीत मे महिन्यात ४० ची हवा आत जाते, म्हणजे डिलिव्हरी पाइप १०० ला टेकला. हात लागला तर कातडी सोलून निघेल. लोब आणि केसिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही दशांश भागांची असते. लोब तापून फुगला की ती फट संपते. शिवाय साधारण मोटरची नेमप्लेट ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी छापलेली असते. म्हणजे प्लेटवरचा आकडा इथे वर्षभर आरामात पाळला जातो आणि तिथे ऐन उन्हाळ्यात तोच आकडा काठावर असतो. कॅटलॉगमध्ये २० अंशांची हवा धरलेली आहे का, हे बघितल्याशिवाय "कंपनीने एवढं दिलंय ना" म्हणण्यात अर्थ नाही.

गंमत म्हणजे सेंट्रिफ्युगल ब्लोअर उलटा वागतो. इथे उणे १० ला हवा इतकी दाट होते की ४० अंशांच्या तुलनेत मोटरवर जवळपास पाचवा हिस्सा जास्त बोजा येतो. आमचे माइस्टर (मुख्य तंत्रज्ञ) थंडी पडली की आधी त्याच मशीनचे अ‍ॅम्पिअर बघतात. ठाण्यात हे कुणाच्या डोक्यात यायचं कारण नाही.

मग मित्राने काय करावं? डिफ्युझर साफ करावेत किंवा बदलावेत. सक्शनचा डक्ट भिंतीतून बाहेर, सावलीच्या बाजूला न्यावा, म्हणजे ब्लोअर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढणार नाही. फिल्टर बघावा, कारण चोंदलेला फिल्टरही तापमान वाढवतो. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) आहे म्हणून रूट्स फार हळू चालवू नये. लोबच्या फटीतून मागे गळणारी हवा तेवढीच राहते, पुढे जाणारी घटते, आणि मशीन कमी वेगातही तापते.

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल मात्र मी जरा चिडूनच लिहिलं. सारखा फुसफुसतो म्हणून त्याची स्प्रिंग कसून वर तारेने बांधलेली मी त्याच पट्ट्यात पाहिली आहे. फुसफुसणारा व्हॉल्व्ह तक्रार करत असतो, त्याचं तोंड बांधून तक्रार मिटत नाही.

लॉकआउटबद्दल इथे कौतुक करण्यासारखं आहे. मशीनला हात लावणारा प्रत्येक जण आयसोलेटरला (वीज तोडणाऱ्या स्विचला) स्वतःचं कुलूप लावतो, किल्ली स्वतःच्या खिशात. पण आपले जुने वायरमनही फ्यूज काढून खिशात घालूनच शिडी चढायचे. कल्पना तीच. फक्त आपल्याकडे ती माणसावर अवलंबून होती. एक गोष्ट दोन्हीकडे विसरली जाते : वीज तोडली तरी एनआरव्ही (हवा मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळत असेल तर लाइनमधली हवा लोबना उलटं फिरवत राहते. पट्टा पूर्ण थांबलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय गार्ड काढायचा नाही. उलटं फिरत असताना स्टार्ट बटणही दाबायचं नाही.

कानांचंही तेच. इथे ८५ डेसिबलच्या पुढे कान झाकणं सक्तीचं, आपल्याकडे आठ तासांच्या पाळीला ९० ची मर्यादा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आकडा न मोजताही प्लग घालावेत.

आणि पावसाळा तोंडावर आहे म्हणून शेवटचं. केबल फॉल्ट दुरुस्त झाला की फेज उलटसुलट जोडली जाण्याची शक्यता असते. सेंट्रिफ्युगल उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूने येते, फक्त कमी. म्हणून तो आठवडाभर तसाच चालतो आणि कुणाला कळत नाही. रूट्स उलटा फिरला तर डिलिव्हरीकडून ओढायला लागतो, आणि एनआरव्ही धड नसेल तर टाकीतलं पाणी पाइपातून मशीनकडे येतं. लाइट आली की आधी पट्टा उतरवून मोटर क्षणभर फिरवायची, गार्डवरच्या बाणाशी दिशा ताडून बघायची, मगच पट्टा चढवायचा.