ब्रेक मारताना थरथर: डिस्क बदलण्याआधी हब मोजला

गाडीच्या पुढच्या चाकांच्या ब्रेकचं काम मार्गी लागलं, मागचं अजून बाकी आहे. आतापर्यंतची मोजमापं एकत्र मांडतो.

लक्षण असं होतं: ९०-१०० च्या वेगात हलका ब्रेक लावला की स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटके द्यायचं, पायाखाली पेडल वरखाली व्हायचं आणि वेग ५० च्या खाली आला की सगळं शांत. त्याच वेगात ब्रेकवर पाय नसेल तर गाडी अगदी स्थिर. त्यामुळे व्हील बॅलन्सिंगचा संशय लगेच मिटला, कारण ते बिघडलं असतं तर ब्रेक न लावताही स्टिअरिंग हललं असतं. एबीएसमध्येही (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पेडल थरथरतं, पण चाक लॉक व्हायच्या बेतात असताना. इथं पाय नुसता टेकवला तरी पुरत होता.

दोष पुढे की मागे, हे साधारणपणे थरथर कुठे जाणवते त्यावरून कळतं. स्टिअरिंग हललं तर पुढे, सीट हलली तर मागे. खात्रीसाठी मोकळ्या सरळ रस्त्यावर, बेताच्या वेगात, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढला. माझ्या गाडीत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. थरथर आली नाही, म्हणून आधी पुढची बाजू उघडायची ठरली.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘डिस्क तापून वाकडी झाली, जोडी बदलून टाक.’ मला तो पटत नाही. बहुतेक वेळा डिस्क तापून वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, आणि जाडी का बदलली हे शोधलं नाही तर नव्या डिस्कचंही काही हजार किलोमीटरमध्ये तेच होतं.

गाडी जॅक स्टँडवर घेऊन दोन्ही चाकं काढली. आधी बेअरिंगमध्ये, बॉल जॉइंटमध्ये आणि टाय रॉड एंडमध्ये (चाकाला गाडीशी आणि स्टिअरिंगशी जोडणारे सांधे) लूज आहे का ते पाहिलं, नव्हता. लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुशही धड होते. बुश फाटलेले असतील तर ब्रेकची जराशी थरथरही कितीतरी मोठी होऊन स्टिअरिंगपर्यंत पोचते, म्हणून हे आधीच पाहिलेलं बरं. मग कॅलिपर, म्हणजे डिस्कवर दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड दाबणारा भाग, सोडवून तारेनं टांगला (होजवर लोंबकळत ठेवू नका) आणि डिस्क वॉशर घालून व्हील नटांनी हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) घट्ट बसवली. नुसत्या अडकवलेल्या डिस्कवर घेतलेलं रीडिंग खोटं येतं.

मॅग्नेटिक बेसवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं मापक) लावून, डिस्कच्या कडेपासून साधारण ८ मिमी आत, चाक हातानं हळू फिरवलं. उजवीकडे रनआउट, म्हणजे फिरताना डिस्क आत-बाहेर किती डोलते ते, ०.०३ मिमी. डावीकडे ०.१२! बऱ्याच गाड्यांना ०.०५ ते ०.१० पर्यंत चालतं, म्हणजे डावी बाजू मर्यादेबाहेर. मग मायक्रोमीटरनं आठ ठिकाणी जाडी मोजली. उजवीकडे सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ जागेत ०.००६ मिमीचा फरक, डावीकडे ०.०२८. केसाच्या जाडीपेक्षाही हा फरक लहान, तरी पायाला तो चांगलाच जाणवतो.

या कामात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथं दिसली. रनआउटचा उंचवटा आणि पातळ जागा मी खडूनं दाखवल्या होत्या. पातळ जागा दोन निघाल्या आणि बरोबर समोरासमोर: एक बाहेरच्या बाजूच्या उंचवट्यावर, दुसरी त्याच्या विरुद्ध टोकाला, जिथे आतली बाजू पुढे येते. ब्रेक न लावता चालवतानाही डोलणारी डिस्क प्रत्येक फेरीत पॅडला त्याच दोन जागी घासत राहिली आणि तिथंच झिजली. पुढे ब्रेक लावला की जाड-पातळ भाग पॅडखालून जाताना पिस्टन मागेपुढे होतो, ब्रेकचा जोर कमीजास्त होतो आणि तो झटका स्टिअरिंगला लागतो. ९० च्या वेगाला १.९ मीटर परिघाचं चाक सेकंदाला सुमारे १३ फेऱ्या मारतं, तेव्हा थरथर किती वेगानं येत असेल बघा.

मग डिस्क डोलत का होती? डिस्क उतरवल्यावर हबच्या तोंडावर एका कडेला गंजाची खपली सापडली. हबच्या तोंडाचा व्यास १३० मिमी, आणि मी मोजत होतो ते वर्तुळ २४० मिमीचं. म्हणजे हबवरची ०.०५ ची खपली कडेला ०.०९ होऊन दिसते. तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं हबचं तोंड आणि डिस्कची आतली बैठक चकचकीत केली, परत बसवून मोजलं: ०.०५. डिस्क एक बोल्ट पुढे फिरवून बसवली तर ०.०३. त्या जागेवर हब आणि डिस्क दोन्हींवर खूण केली.

रनआउट गेला तरी झिजलेली जाडी परत येत नाही, म्हणून दोन्ही डिस्क लेथवर घेतल्या. डाव्या डिस्कवर किमान जाडी २० मिमी कोरलेली आहे, लेथनंतर २०.९ उरली, उजवीही तेवढीच. किमान जाडीच्या खाली जात असती तर सरळ नवी जोडीच घेतली असती, तिथं तडजोड नाही. कॅलिपर ज्यावर सरकतो ती खालची स्लाइड पिनही जड झाली होती. साफ करून ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावलं, कारण साध्या खनिज ग्रीसनं पिनचं रबर फुगतं. पॅड दोन्ही बाजूंना नवे. व्हील नट टॉर्क रेंचनं, समोरासमोरच्या क्रमानं आवळले. एअर गननं कमीजास्त आवळलेले नटही डिस्कला पुन्हा डोलवू शकतात.

नवे पॅड डिस्कवर रुळवायला ६० वरून १० पर्यंत मध्यम दाबाचे ब्रेक, मध्ये थंड होण्यापुरतं चालवणं, आणि गरम असताना पूर्ण थांबायचं नाही. थांबलात तर पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटतो. आता १०० वरून ब्रेक लावला तरी स्टिअरिंग गप्प. पेडलमध्ये मात्र अगदी पुसटशी धडधड शिल्लक वाटते, म्हणून पुढचं काम मागचे ड्रम उघडून त्यांची गोलाई तपासण्याचं. पुढच्या डिस्कची जाडी २,००० किलोमीटरनंतर पुन्हा त्याच आठ जागी मोजून आकडे इथेच जोडेन.