तुम्ही विचारलंत म्हणून : दिवसाला किती कार्ब?

उत्तर आधी सांगते. मी दिवसाला साधारण 100 ते 110 ग्रॅम कार्बोहायड्रेट (कार्ब, म्हणजे धान्यातलं पिष्ट आणि साखर, ज्याने रक्तातली साखर वाढते) खाते. शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, परभणी स्टेशनावर गाडीची वाट बघताना, फोनवर, एवढ्या जणांनी हे विचारलं की आता एकदाच नीट लिहून ठेवावं म्हटलं. "मॅडम, नक्की आकडा सांगा," असाच सगळ्यांचा आग्रह असतो. म्हणून आकडा सांगितला. पण तो घेऊन लगेच उठू नका. तुमच्या घरची एक भाकर किती पिठाची असते हे तुम्हाला माहीत नसेल, तर माझ्या 105 चा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.

मला साखर, म्हणजे मधुमेह, निघाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात जो भेटेल तो एकच सांगायचा : "गहू-भात बंद करा, ज्वारी खा. ज्वारीने साखर वाढत नाही." आपल्याकडे हे इतकं पक्कं बसलंय की त्यावर कोणी शंकाही घेत नाही. मीही नाही घेतली. पोळी सोडली, भात थोडाच ठेवला आणि दोन्ही वेळा पोटभर भाकर खाऊ लागले. जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजली तर 240. दुसऱ्या दिवशीही तेच.

तेव्हा मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे अन्नघटकांचे तक्ते काढून बघितले. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 68 ग्रॅम कार्बोहायड्रेट. गव्हाच्या पिठात सुमारे 64. बाजरीत 62. तांदळात 78. म्हणजे ज्वारी आणि गहू या हिशोबात जवळजवळ सारखेच, उलट ज्वारीच चार ग्रॅम पुढे. ज्वारीत तंतू भरपूर, 100 ग्रॅमला 10 ग्रॅमच्या वर. पचायला ती भातापेक्षा वेळ घेते. हे तिचे गुण खरेच आहेत, पण म्हणून ती लो-कार्ब, म्हणजे कमी कार्बची, होत नाही. (जुन्या तक्त्यांत ज्वारीपुढे 72.6 असा आकडा दिसेल. गोंधळू नका. नव्या तक्त्यांत सगळे तंतू वेगळे काढून उरलेलं कार्बोहायड्रेट दिलंय. म्हणून त्यातून तंतू पुन्हा वजा करायचे नाहीत. अमेरिकी पाकिटांवर तंतू धरून आकडा असतो, तिथे वजा करतात.)

मग एका रविवारी मी छोटा वजनकाटा आणला आणि काठवट समोर घेतली. रोज घेते तसंच, अंदाजाने, एक भरलेली ओंजळ आणि वर चिमूटभर असं एका भाकरीचं पीठ काढलं आणि तोललं. 83 ग्रॅम. पुन्हा काढलं. 79. पुन्हा, 81. वीस-पंचवीस वर्षं भाकरी थापणारा हात, तो चुकत नाही. पण त्या हाताच्या एका भाकरीत 54 ग्रॅम कार्ब होतं. आपला फुलका होतो 25 ते 30 ग्रॅम कणकेचा, म्हणजे 17-18 ग्रॅम कार्ब. आमच्या घरची एक भाकर म्हणजे तीन फुलके! मी तीन पोळ्या सोडून दोन भाकरी खात होते आणि पथ्य पाळतेय असं समजत होते.

त्या दिवशी मी माझं आधीचं सगळं जेवण लिहून काढलं. सकाळी एक बशी सुशीला (फोडणीचे मुरमुरे), त्यात मुरमुऱ्यांचे 40. दिवसभरात चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दूध धरून 50. दुपारी दोन भाकरी, वाटीभर वरण, थोडा भात : 160 च्या पुढे. रात्री दीड भाकर आणि वरण, 95. बेरीज साडेतीनशेच्या घरात गेली. आणि मी काही खादाड बाई नव्हे. आपल्याकडे सगळे असंच जेवतात. आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) च्या इंडियाब या मधुमेहावरच्या देशभरातल्या अभ्यासाचा आहारावरचा भाग 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय माणसाच्या ताटातले सुमारे 62 टक्के उष्मांक कार्बोहायड्रेटमधून येतात, असं त्यात आढळलं. 2000 उष्मांकांच्या आहारात ते 310 ग्रॅम झाले. याच अभ्यासाच्या 2023 च्या अहवालात देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज होता.

आता 'लो-कार्ब' कशाला म्हणायचं, तर साधारणपणे दिवसाला 130 ग्रॅमच्या खाली. 20 ते 50 ग्रॅमच्या आत गेलात तर तो कीटो, तिथे शरीर चरबीपासून कीटोन बनवून त्यावर चालू लागतं. हा आहार वजन उतरवण्यासाठी निघालाच नव्हता. 1921 मध्ये अमेरिकेत तो फेफऱ्याच्या रुग्णांसाठी मांडला गेला. 130 हा आकडा आला मेंदूला रोज लागणाऱ्या ग्लुकोजच्या हिशोबातून. त्याच्या खाली गेलं की मेंदू उपाशी राहतो असं नाही, यकृत प्रथिनांपासूनही ग्लुकोज तयार करतं. पण माझ्या मते आपल्या भागात, घरच्या चुलीवर, वर्षानुवर्षं पाळता येईल असा पल्ला 100 ते 130 चा. वीस ग्रॅमचं मी करून बघितलंय. ते सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होणार नाही.

साखर निघाल्यानंतरच्या पौषातली गोष्ट. फोनवर फिरत फिरत एक तक्ता आला : '20 ग्रॅमच्या आत, धान्य पूर्ण बंद, 21 दिवसांत साखर गायब.' मी धान्य बंद केलं. सकाळची ग्लिमेपिराइडची, साखर उतरवणारी गोळी मात्र चालूच ठेवली, कारण तक्त्यात गोळीबद्दल अवाक्षरही नव्हतं. चौथ्या दिवशी मोंढ्यात तूर डाळ घ्यायला गेले होते. दुकानदार भाव सांगत होता आणि मला त्याचे ओठ हललेले दिसत होते, शब्द पोचत नव्हते. थंडीच्या दिवसांत पाठीवरून घामाची धार. हात इतका थरथरत होता की पर्सची चेन उघडेना. शेजारच्या हमालाने बसतं केलं, दुकानदाराने पोत्यातला गूळ फोडून हातावर ठेवला. पर्समध्ये ग्लुकोमीटर होता, त्यावर 54 आलं. 70 च्या खाली साखर गेली की ती धोक्याची समजतात.

ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. ताटातली भाकर काढली आणि गोळी तेवढीच ठेवली तर साखर खाली जाणारच. इन्शुलिन टोचून घेणाऱ्यांना तर हा धोका जास्तच. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना कमी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असतील तर आणखी वेगळी भीती : कार्ब फार तोडलं की रक्तात कीटोनचं आम्ल साठू शकतं, आणि मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही म्हणून ते लक्षातही येत नाही. म्हणून हात जोडून सांगते, गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा की मी भाकर अर्धी करतेय, गोळीचं काय करू? गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या, मूत्रपिंडाचा त्रास असलेले आणि लहानपणापासून इन्शुलिनवर असलेले, यांनी तर स्वतःच्या मनाने काहीच करू नये. आणि साखर उतरल्यासारखं वाटलं तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं.

माझ्या डॉक्टरांनी गोळी कमी केली, मी भाकर परत आणली. पूर्ण नाही, अर्धी. 40 ग्रॅम पिठाची एक छोटी भाकर दुपारी, एक रात्री : 27 आणि 27. सोबत दोन्ही वेळा वाटीभर वरण, 15 आणि 15, मेथी-पालक-चुका कुठलीही भाजी पोटभर घेतली तरी 6, वाटीभर दह्याचे 6. सकाळी कांदा घालून दोन अंडी. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, ते 30 ग्रॅम असले तर 5 च्या आसपास. दोन-तीन कप बिनसाखरेचा चहा, दुधापुरते 7-8. बेरीज 105 च्या आगेमागे येते. रात्री वरणाऐवजी बेसन केलं तर तेवढंच, एका माणसाच्या बेसनाला 30 ग्रॅम पीठ पुरतं, 14 झाले. चटण्यांची काळजीच नको. जवस, कारळं, शेंगदाणा, आपल्या दुरडीशेजारी पूर्वीपासून जे असतं ते सगळं यात बसतं. भाकर कमी झाली की पोटात खड्डा पडतो, तो याच गोष्टींनी भरायचा. नुसती भाकर कमी करून बाकी ताट तसंच ठेवलंत तर आठ दिवसांत तुम्ही डब्याला हात घालाल.

उपवासाबद्दल चौघींनी विचारलं. साबुदाणा 100 ग्रॅमला 87-88, निव्वळ पिष्ट. एका बशीत दिवसाचा अर्धा हिशोब संपतो. मी शेंगदाण्याची आमटी, दही आणि थोडी भगर खाते.

पहिल्या आठवड्यात माझं वजन अडीच किलो उतरलं. तुमचंही उतरेल, पण गावभर सांगू नका. ते बहुतेक पाणी असतं. स्नायूंत आणि यकृतात जी साखर साठवलेली असते तिच्या एका ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा रिकामा झाला की ते जातं, त्याबरोबर मीठही. डोकं दुखतं, गळाल्यासारखं वाटतं. ताक प्या. खरी चरबी सावकाश जाते. मला 11 किलोला दीड वर्ष लागलं. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 8.9 चं 6.7 झालं. जेवणानंतर आता 150-160 येते.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी कापसाच्या दिवसांत वेचणीला जातात. त्यांनी एकदा हे सगळं बघून विचारलं, "मॅडम, म्याबी भाकर बंद करू का?" मला फार वाईट वाटलं. दिवसभर उन्हात वाकून कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगात भाकर साखर होऊन रेंगाळत नाही, ती कामात जळते. त्यांची साखर तपासून आणली, व्यवस्थित निघाली. मी म्हटलं, तुम्ही भाकर कमी करायची नाही, जमलं तर वरण तेवढं दाट करा. अंडी, दही, शेंगदाणे यांना पैसे लागतात. भाकर सगळ्यात स्वस्त पडते म्हणून ताटात तीच जास्त. जो कोणी लो-कार्बचा आकडा सांगत फिरतो त्याने हे आधी विचारलं पाहिजे : समोरचा बसून काम करतो की राबतो?

घरात सगळ्यात अवघड गेलं ते मायला. ती आमच्याजवळच असते, मूळची गंगाखेडकडची. ज्या दिवशी काठवटीशेजारी काटा दिसला त्या दिवशी ती जेवलीच नाही. रात्री म्हणाली, "बहात्तरला भाकर मापून खाल्ली. आता कामून मापायलीस?"

बहात्तरच्या दुष्काळात मी पोटात होते. माय खडी फोडायला जायची. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकर व्हायची. ती थापताना तुटायची, गिळताना अडायची, आणि तीही माणशी मोजून. कामावर मिळणारी सुकडी ती पदरात बांधून माझ्या थोरल्या भावासाठी घरी आणायची. लेकराच्या ताटात अख्खी भाकर पडणं हे तिच्या लेखी आयुष्यभराचं समाधान होतं. आणि तिची लेक घरात ज्वारीचं पोतं भरलेलं असताना काट्यावर पीठ तोलत होती. मी तिला तक्ते नाही दाखवले. दोन तासांनी बोटाला सुई टोचून तिच्यासमोर मोजलं. दोन भाकरी खाल्ल्या त्या दिवसाचा आकडा आणि अर्धी खाल्ली त्या दिवसाचा. तिला अक्षर येत नाही, पैशांमुळे आकडे येतात. बराच वेळ मीटर हातात धरून बसली.

तुमच्याकडे काटा नसेल तर अर्धा किलो पीठ वेगळं काढा आणि त्यात किती भाकरी होतात ते मोजा. सहा झाल्या तर तुमची भाकर 83 ग्रॅमची, आठ झाल्या तर 62 ची. झालेली भाकर तोलू नका, तिच्यात पाणी असतं. मग वरच्या आकड्यांनी हिशोब करा, दोन तासांनी साखर मोजा आणि आठ दिवसांचं लिहून डॉक्टरांकडे न्या. तुमचा आकडा 105 नसेलही. कुणाला 130 वर भागतं, कुणाला 90 लागतात.

आमच्याकडे आता काटा कपाटात गेलाय. काही दिवसांनी मायने जुन्या भांड्यांतून एक छोटी पितळी वाटी शोधून काढली आणि म्हणाली, "हिच्यात बसंल तेवढंच तुझं." मी ती काठोकाठ भरून, वरून बोट फिरवून तोलली. 42 ग्रॅम. ती वाटी पिठाच्या डब्यातच असते, आणि जेवण झाल्यावर दोन तासांनी माय न चुकता विचारते, "आज किती आली?"